घोडेस्वारांची साखळी आणि मशालींचा इशारा

प्राचीन काळी दूरवर निरोप धाडायला घोडेस्वार बरे की मशाली? हखामनी या प्राचीन इराणी घराण्याच्या साम्राज्यात सार्डिस (आजच्या तुर्कस्तानात) ते सुसा (आजच्या इराणमध्ये) हा सुमारे २,५०० किलोमीटरचा राजमार्ग होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या मते त्यावर १११ मुक्काम होते आणि पायी प्रवासाला ९० दिवस लागत; पण ताज्या घोड्यांवरचे स्वार एकमेकांच्या हाती निरोप सोपवत असल्याने राजाचे पत्र तेच अंतर आठवडा-दीड आठवड्यात कापत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अग्निसंकेताला वेगात तोड नव्हती. अथेन्स पुन्हा जिंकल्याची वार्ता बेटांवरील जाळांच्या रांगेतून सार्डिसला धाडण्याचा बेत इराणी सेनापती मार्डोनियसने इसवी सनपूर्व ४७९ मध्ये केला होता. मात्र जाळातून आधी ठरलेली एकच गोष्ट कळे; अनपेक्षित घटना, म्हणजे खरे तर जी कळवायची निकड असते तीच, सांगता येत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने वर्णिलेल्या पद्धतीत ग्रीक लिपीची २४ अक्षरे पाच गटांत विभागली जात: डावीकडील मशालींवरून गट आणि उजवीकडील मशालींवरून त्यातील अक्षर ओळखायचे. कल्पना विलक्षण खरी, पण अक्षरागणिक मशाली उंचावून सविस्तर फर्मान पाठवणे कंटाळवाणेच, शिवाय धुके पडले की सारेच ठप्प. म्हणून राज्यकारभारासाठी मी स्वारच निवडेन. शत्रूचे आरमार दिसल्याची खबर द्यायची असेल, तरच मशाल.