दीक्षा ॲप: सोलापुरातील वर्गातला अनुभव
माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले; तशाच कोडवर चालणारे, २०१७ साली सुरू झालेले दीक्षा हे शालेय अभ्यासाचे विनामूल्य सरकारी ॲप मी सोलापुरात पाचवीच्या वर्गात वापरतो. अपूर्णांकांसाठी आधी भाकरीचे तुकडे करून दाखवले आणि मग कोड स्कॅन करून चित्रफीत लावली, तेव्हा एरवी गप्प बसणारी एक मुलगी स्वतःहून फळ्यापाशी आली. तेवढ्यासाठीही मला हे साधन मोलाचे वाटते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना तोच भाग थांबवून पुन्हा ऐकता येतो, हा आपल्या शहरात फार मोठा आधार आहे. चित्रफिती मात्र आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवाव्यात, म्हणजे रेंज गेली तरी तास अडत नाही.