बोटीवर गेलेल्या माणसाचं नाव शोधायचंय? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट वापरा

आजीचा थोरला भाऊ बोटीवर होता. "चले जावच्या वर्षी आफ्रिकेच्या बोटीवर चढला, तो काय आला नाही," एवढंच ती सांगायची. गेल्याचा दिवस कुणालाच ठाऊक नाही, म्हणून त्याचं पान सर्वपित्रीला वाढायचं.

तुमच्या घरातही असा कुणी खलाशी, आगवाला (बॉयलरची भट्टी सांभाळणारा), भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी) असेल तर ही सेवा नक्की वापरा. हे कमिशन दोन्ही महायुद्धांत गेलेल्या ब्रिटन आणि कॉमनवेल्थ देशांच्या (त्यात तेव्हाचा भारतही आला) माणसांच्या नोंदी ठेवतं. सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत, पैसे लागत नाहीत.

फक्त नावावरून शोधायला बसू नका, दमाल. आपली नावं ज्याने जशी ऐकली तशी इंग्रजीत उतरवली गेली. कुठे एकच नाव, कुठे आडनावाच्या जागी बापाचं. त्यापेक्षा बोट आणि तारीख धरा. १९४२ साली मुंबईहून आफ्रिकेला जाताना बुडालेली बोट शोधता शोधता मी 'तिलावा'पाशी पोचले. २० नोव्हेंबरला ती इथून निघाली, ९५८ माणसं घेऊन. २३ तारखेला सेशेल्सच्या बाजूला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. लोक होड्यांत उतरले, काही परत बोटीवर चढले, आणि दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' युद्धनौकेने २७ तारखेला मुंबईत आणलं. त्या आठवड्यात धक्क्यावर नातेवाइकांचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

वेबसाइटवर मर्चंट नेव्ही, भारत आणि ती तारीख एवढंच भरलं. यादी आली, एकेक नाव उघडत गेले. त्याचं नाव, पुढे पणजोबांचं, एक अक्षर इकडचं तिकडे. खाली हुद्दा, बोट, तारीख. वयाची जागा कोरी. शेवटी स्मारक: बॉम्बे १९३९–१९४५ वॉर मेमोरियल.

हे स्मारक कुठे, तर मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये! लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी बोटींच्या हजारो माणसांची नावं कोरलीत, पण आपल्या खलाशांची नावं मुंबई आणि चितगावकडे. नौदलाचे ४०० आणि व्यापारी बोटींवरचे सुमारे ६,०००. पहिल्या महायुद्धात गेलेल्या २,०००हून जास्त दर्यावर्दींचं स्मारकही याच सेलर्स होममध्ये आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोंगरीत राहतो. आजी आयुष्यभर त्या भागात बाजारहाट करत फिरली आणि भावाचं नाव तिथे आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. याचा मला फार राग येतो. शाळेची एक तरी सहल तिथे जायला हवी.

नोंदीवरून त्याच्या नावाचं प्रमाणपत्रही उतरवून घेता येतं. ते जाड कागदावर छापून घ्या, झेरॉक्सचा पातळ कागद फ्रेममध्ये सुरकुततो. तारीख मिळाली तशी आईने जुन्या पंचांगातून तिथी काढून घेतली, आता त्याचं पान त्याच्या तिथीला.

शोधायला बसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या: कुठल्या कंपनीची बोट, कुठे निघाली होती, कुठला सण जवळ होता, शेवटची मनिऑर्डर कधी आली. वर्ष आणि बंदर एवढं जरी हाती लागलं तरी कामाला लागा.