गंजगोलाईमागचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान: आधी स्क्रीन वाचतात, मग स्क्रू काढतात

मी औशात घरी बसून लातूरच्या क्लासेसना प्रश्नपत्रिका टाइप करून देते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. चार वर्षांपूर्वी भाच्यानं माझ्या जुन्या टॉवरवर उबुंटू (विंडोजसारखी, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) टाकून दिलं आणि अख्ख्या डिस्कला पासवर्डचं कुलूप लावलं. परीक्षेआधी पेपर फुटला तर माझं काम त्याच दिवशी संपलं, म्हणून.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मशीन लावलं तर पासवर्डची चौकट आलीच नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी, आणि त्यात 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक ०,०'. कर्नल म्हणजे उबुंटूचा गाभा, त्यानं हात टेकले की 'पॅनिक'. कीबोर्डवरचे दिवे लुकलुकत होते. काहीही दाबा, हलायला तयार नाही. गुरुवारी दोन क्लासेसचे पेपर द्यायचे होते.

आधी जवळच्याच एका दुकानात नेलं. तिथं कुणी ओळी वाचल्याच नाहीत. लाइट गेली तेव्हा बोर्ड उडाला असेल, कीबोर्डही शॉर्ट झालाय, फॉरमॅट मारून बघू, असं उत्तर मिळालं. आदल्या रात्री लाइट दोनदा गेली होती, त्यामुळे मलाही ते पटलं होतं. पण कुलूप लावलेली डिस्क फॉरमॅट केली की आतलं काही परत येत नाही, हे भाच्यानं मला दहादा बजावलेलं. मी मशीन उचललं, गोधडीत गुंडाळलं आणि एसटीनं लातूर गाठलं.

हे दुकान गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आहे. एक टेबल, एक मॉनिटर, भिंतीला टांगलेल्या केबली. मी बोर्डाचं सांगू लागले तर दुकानदार म्हणाले, "ताई, ते राहू द्या. शेवटचं बंद करायच्या आधी काय केलतं?" मी सांगितलं, अपडेट आलं होतं, होकार दिला, मध्येच लाल अक्षरांत काहीतरी आलं, मी खिडकी बंद केली. त्यांनी मान हलवली आणि टॉवरचा एकही स्क्रू न काढता मॉनिटर जोडला.

मग जे पाहिलं त्यासाठीच हे लिहिते आहे. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरलं, ग्रबचा, म्हणजे कर्नल चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आला. तिथं 'ई' दाबून त्यांनी 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडले. या शब्दांमुळे सुरुवातीच्या ओळी दडून राहतात. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ लावून पुन्हा चालू केलं, कारण ओळी सरसर वर जातात आणि पॅनिक झाल्यावर मागं सरकवून वाचता येत नाही. मी विचारलं, नंतर लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, सापडणार नाही का? म्हणाले, लॉग डिस्कवर लिहितात, इथं डिस्क जोडायच्या आधीच सगळं थांबलंय. तो व्हिडिओ हाच एकमेव साक्षीदार.

व्हिडिओ थांबवत थांबवत त्यांनी एकेक ओळ मला दाखवली. ०,० म्हणजे कर्नलला मूळ डिस्क सापडलीच नाही. तिथं ८,१ असं काही असतं तर डिस्क दिसली पण वाचता आली नाही असं धरून शोध दुसरीकडं गेला असता. दिवे लुकलुकणं हा कीबोर्डचा दोष नव्हता. गोल पिनेच्या जुन्या कीबोर्डवर कर्नलच पॅनिकची खूण म्हणून ते दिवे लुकलुकवतो.

"मशीन मेलं नाही ताई. उठायलंय, पण दार उघडंना म्हणून बसायलंय," ते म्हणाले. डिस्क ओळखायचं आणि कुलूप उघडायचं सामान डिस्कच्या आतच ठेवलं तर कोठीची किल्ली कोठीतच राहिल्यासारखं होतं. म्हणून ते सामान एका छोट्या फाइलीत बाहेर, बूटच्या कप्प्यात, म्हणजे मशीन चालू व्हायला लागणाऱ्या फाइलींच्या बिनकुलपी भागात ठेवतात. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. ग्रब ती कर्नलसोबत मेमरीत चढवतो. माझ्या नव्या कर्नलजवळ ती फाइलच नव्हती.

मग मेन्यूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवडला. पासवर्डची चौकट आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवावंसंही वाटलं नाही. त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, "तुम्ही टाका." पासवर्ड मागितला नाही, याचं मोल माझ्यासारखीलाच कळेल.

आत गेल्यावर कारण सापडलं. बूटचा कप्पा शंभर टक्के भरलेला. चार वर्षांत अपडेटमधून आलेले जुने कर्नल तिथंच साठत गेले, नव्याची फाइल लिहायला जागाच उरली नाही. लाइटीचा काही संबंध नव्हता. त्यांनी फाइली हातानं न खोडता कमांडनं जुने कर्नल काढले, नव्यासाठी इनिटरॅमएफएस बनवली, ग्रब ताजं केलं. तीनदा बंद-चालू करून दाखवलं. जुना कर्नलही पडला असता तर आधी रॅम, मग डिस्कची केबल तपासणार होते, हेही आधीच सांगून ठेवलं होतं. दीड तास लागला, चारशे रुपये घेतले.

उणिवाही सांगते. अकराच्या आत दुकान उघडत नाही आणि फोन क्वचितच उचलतात. पावती मला दोनदा मागावी लागली. बसायला जागा नाही, दीड तास मी उभी होते. मशीन ठेवून जायचं असेल तर आपणच कागदावर लिहून सही घ्या.

निघताना मी विचारलं, पुन्हा झालं तर? त्यांनी ग्रबचा मेन्यू दर वेळी पाच सेकंद दिसेल असं करून ठेवलं आणि कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवली: "काळी स्क्रीन आली तर आधी फोटो. मग वरून दुसरी ओळ, आतला जुना कर्नल. अपडेटमध्ये लाल अक्षरं आली तर मशीन बंद करायचं नाही, फोन करायचा." बुधवारी रात्री दोन्ही पेपर क्लासेसना पोचले. चिठ्ठी अजून तिथंच आहे.