इन्क्रिमेंटल बॅकअप रखडतोय? आरसिंक, रेस्टिक-बोर्ग की इमेज?

इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे मागच्या वेळेनंतर जे बदललं तेवढंच साठवणारा. तरीही दिवसभरात बदलतात पाच-पन्नास फाइली आणि बॅकअप चालतो तासभर. हा वेळ बहुतेकदा कॉपी करण्यात नाही, तर काय बदललं ते शोधण्यात जातो. म्हणून कोणतं साधन बदल कसा शोधतं, हे निवडीआधी बघायचं.

आरसिंक हे फाइली कॉपी करणारं साधन १९९६ पासूनचं. ते फाइलचा आकार आणि बदलाची वेळ तेवढी बघतं, न बदललेली फाइल उघडतही नाही. पण कुणीतरी ‘जास्त खात्रीचं’ म्हणून चेकसमचा (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-आकड्याचा) पर्याय सुरू करून ठेवलेला असतो. मग दोन्हीकडची जवळपास प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. बाहेरची डिस्क फॅट (फाइली मांडायची एक जुनी पद्धत) असेल तर आणखी एक गंमत. तिथे वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते, त्यामुळे जुन्या फाइलीही नव्या भासतात. तुलनेत १ सेकंदाची सूट दिली की भागतं. खरी उणीव वेगळीच आहे: जोडलेल्या डिस्कवर कॉपी करताना व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) भल्यामोठ्या फाइलमध्ये तसूभर बदल झाला, तरी आरसिंक अख्खी फाइल पुन्हा लिहितं.

रेस्टिक आणि बोर्ग ही बॅकअपची साधनं इथे सरस. फाइलचे तुकडे पाडून फक्त नवे तुकडे साठवतात. बदललेली फाइल पूर्ण वाचावी लागतेच, पण लिहिणं थोडं. मात्र रेस्टिकला दर वेळी वेगळा फोल्डर-मार्ग दिलात, तर त्याला आधीचा बॅकअप जुळवता येत नाही आणि ते सगळं नव्याने वाचत बसतं. बोर्गचं तसंच काहीसं नेटवर्क ड्राइव्हवर होतं, कारण तिथे आयनोड क्रमांक (फाइल ओळखायचा सिस्टिमचा आतला क्रमांक) बदलत राहू शकतात.

इमेज बॅकअप, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रतिमा, फाइली बघतच नाही, डिस्कचे ब्लॉक (ठरावीक आकाराचे कप्पे) बघतं. बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवणारा ड्रायव्हर असेल तर शोधायला वेळच लागत नाही. फक्त डीफ्रॅग केलंत (डिस्कवर विखुरलेल्या फाइली सलग लावल्यात) की ब्लॉक हलतात आणि त्या दिवशीचा बॅकअप फुगतो.

फोटो आणि कागदपत्रंच असतील तर आरसिंक पुरे. मोठ्या, सतत बदलणाऱ्या फाइली किंवा अनेक जुन्या आवृत्त्या हव्या असतील तर रेस्टिक; त्याचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून ठेवा, तो हरवला तर बॅकअपही गेला. विंडोज सगळ्या प्रोग्रामांसकट जसंच्या तसं परत हवं असेल तर इमेज.

आणि हो, यातलं काही बदलण्याआधी बाहेरच्या डिस्कची केबल कुठल्या पोर्टात आहे ते बघा. यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट प्रतिसेकंद आहे.