घर अर्ध्यावर आणि परवानगीच नाही: उरकून घ्यावं की थांबवावं?

जोतं झालंय, कॉलम उभे आहेत, स्लॅबचं सेन्ट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीच्या फळ्या आणि टेकू) लागलंय, आणि आता कळतं की बांधकामाची परवानगी घेतलेलीच नाही, ठेकेदाराकडे परवानाही नाही. मग एक तर त्याच्याकडूनच घर उरकून घ्यायचं आणि कागदांचं मागाहून बघायचं, नाहीतर काम थांबवून आधी परवानगीच्या मागे लागायचं.

उरकून घेण्याचा मोह कुणालाही होईल. उचल दिलेली असते, भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू असतात, आणि ठेकेदार सांगतो, "एवढा स्लॅब टाकून घेऊ, मग कोण विचारतंय?" विचारणारे पुढे भेटतात: बँक, विमा कंपनी, उद्या घर विकत घेणारा. नोटीस येते ती मालकाच्या नावावर. ठेकेदार तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. थांबवलं तर महिने जातात, दंड बसू शकतो, दुसऱ्याच्या अर्धवट कामाला हात लावायला नवा ठेकेदार जास्त पैसे मागतो. तरीही माझं मत थांबवण्याच्या बाजूने आहे, आणि तेही कागदांपेक्षा सळईमुळे.

काँक्रीट ओतण्याआधी सळईची जाडी, रिंगांमधलं अंतर, सळई फळीपासून वर उचलून धरणारे खालचे कव्हर ब्लॉक, सगळं टेप लावून मोजता येतं. ओतल्यावर त्याच गोष्टींसाठी आतली सळई शोधणारा कव्हर मीटर आणावा लागतो, काँक्रीटसाठी वरून ठोकून ताकदीचा अंदाज देणारा रिबाउंड हॅमर, शंका उरली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, कापावा लागतो. कॉलमची फळी काढल्यावर बुडाशी खडी उघडी पडलेली मी पाहिली आहे, बोट आत जाईल एवढ्या पोकळ्या. मिस्त्रीने त्यावर सिमेंटचा हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी तो कॉलम बाकीच्यांसारखाच दिसत होता. अशा जागी पाणी शिरतं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटतं. परवानाधारकाकडूनही हे होऊ शकतं, पण मंजूर कामात झाकण्याआधी कुणीतरी बघायला येण्याची सोय असते.

फक्त रंगकाम, फरशी राहिली असेल तर थांबून फारसं हाती लागत नाही; तेव्हा वायरिंग तपासून घ्या आणि अर्ज लगेच करा. उलट, हद्दीपासून सोडायचं अंतरच सोडलेलं नसेल किंवा मजला नियमात बसतच नसेल, तर पुढचं प्रत्येक पोतं पाडण्यासाठीच ओतलं जाईल. म्हणून नियमितीकरण, म्हणजे झालेल्या बांधकामाला मागाहून मंजुरी, होईल का, हा प्रश्न वास्तुविशारदाला सगळ्यात आधी विचारा.

ओतकाम सुरू झालंच असेल तर स्लॅब पुरा होऊ द्या, मध्येच थांबवल्यास सांधा कच्चा राहतो. त्यानंतर पाणी मारणं चालू ठेवा आणि घाईने टेकू काढू देऊ नका. सातव्या दिवशी काँक्रीटमध्ये 28 दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशच ताकद असते. वर आलेल्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) लावून घ्या.

ठेकेदाराला काम थांबवल्याचं लेखी द्या. स्वतंत्र इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप करून घ्या, तारखेसह फोटो ठेवा, आणि हिशेब त्या मोजमापावरच करा. तोवर ठेकेदाराला पुढचा हप्ता देऊ नका.