काळ्या कोटाखाली लपलेला गंज: आमच्या पद्मिनीची गोष्ट

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी ज्यांनी वापरली आहे त्यांना ठाऊक असेल, तिला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. फ्लोअरचा पत्रा आणि दाराखालचे पोकळ पट्टे हीच तिची हाडं. आमच्याकडे ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की रस्ता दिसायचा.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने ४२ हजार सांगितले. कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करणार, त्यावर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला रंग), सांध्यांच्या फटी बुजवायला सीलर, वरून रबरी अंडरकोटिंग म्हणजे गाडीच्या पोटाला काळा थर, पट्ट्यांच्या आत गंज रोखणारं मेण. "साहेब, पाच वर्षं खाली वाकून बघायचं काम नाही." तीस हजार आगाऊ दिले. ऑफिसमधून रोज फोटो मागायचो, तोही पाठवायचा: घासून चकचकीत केलेला पत्रा, मग राखाडी प्रायमर. जीव सुखावायचा. प्रत्यक्ष गेलो तो थेट गाडी आणायला. रॅम्पवर खालून काळी कुळकुळीत! उरलेले पैसे दिले, वर पोरांना चहापाण्याला पाचशे.

हे मे महिन्यातलं. ऑगस्टमध्ये वळणावर दाराखालून खळखळ पाणी वाजायला लागलं.

ओळखीच्या एका वयस्कर मेस्त्रींनी गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. ठण, ठण, मग थप. थप वाजलं तिथे चुंबक लावलं, ते घसरून खाली पडलं. टोकाने जरा उचकटलं तर तळहाताएवढा काळा पापुद्रा निघाला. त्याखाली लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुटी, तिला चुंबक धरत नाही. लांबीखाली लाल भुगा. नवा पत्रा होता, नाही असं नाही. पण जुना न कापता त्याच्यावरच ठेवून चार-चार बोटांवर टाके मारले होते आणि फटी लांबीने बुजवल्या होत्या. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचलेलं. ते निघून जायची भोकंसुद्धा कोटिंगने बंद. वेल्डिंगच्या आचेने पट्ट्याच्या आतला जुना रंग जळतो, म्हणून तर तिथे मेण लागतं. आत मेणाचा थेंब नव्हता. काहीच केलं नसतं तर निदान पाणी तरी वाहून गेलं असतं.

मग मेस्त्रींना ते फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला. "याला प्रोपेलर शाफ्टचा बोगदा कुठंय? मागचे स्प्रिंगचे पाटे कुठंयत?" पद्मिनीची ताकद प्रोपेलर शाफ्ट या लांब दांड्यातून मागच्या चाकांना जाते, फोटोतली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी कुठलीतरी हॅचबॅक होती. तीन आठवडे मी दुसऱ्याच्याच गाडीचं पोट कौतुकाने बघत होतो.

गॅरेजवाल्याचं उत्तर: "गॅरंटी कोटिंगची होती, पत्र्याची नाही." पावतीवर खरंच एवढंच होतं: 'अंडरबॉडी काम, एकरकमी'. कापणार, प्रायमर, मेण, सगळं तोंडी. भांडायला हातात कागदच नाही.

आता काम मेस्त्रींकडे आहे. पैसे टप्प्याटप्प्याने: कुजका पत्रा कापून गाडीबाहेर ठेवला की पहिले, सलग वेल्ड आणि प्रायमर उघडा दिसला की दुसरे, बाकी शेवटी. कापलेले तुकडे मी घरी आणलेत, बायको वैतागली आहे. परवा त्यांचाच फोन आला, "उद्या काळं मारतोय, आधी खाली झोपून बघून जा." गेलो. खिशात चुंबक होतं, ते बघून मेस्त्री हसले आणि हातातला टॉर्च माझ्याकडे दिला.