नवं हायड्रॉलिक स्टिअरिंग म्हणून ६२ हजारांचं भंगार गळ्यात पडलं

अंबडच्या एमआयडीसीत ३० वर्षं मी हायड्रॉलिक प्रेसवर, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या मशीनवर काढली. ऑइल अडवणारं रबरी सील गेलं की सिलिंडर कसा खाली उतरतो, ऑइलमध्ये हवा राहिली की कसा दचके मारतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि फसलो तो हायड्रॉलिकमध्येच, बोटीच्या स्टिअरिंगच्या. घरात अजून हसतात.

बोट माझ्या भाच्याची. दारणा धरणावर मासेमारीला वापरतो. १६ फुटी फायबरची, मागे बाहेरून टांगलेलं ४० एचपीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर; चाक फिरवलं की ही मोटरच वळते आणि बोट वळते. स्टिअरिंग केबलचं. या केबलचं टोक मोटरच्या एका नळीतून, टिल्ट ट्यूबमधून जातं. तिथे पाणी शिरून ग्रीस वाळलं की चाक दगडासारखं होतं. पावसाळाभर बोट उभी होती, दिवाळीत चाक हलेना. केबल काढायची, ट्यूब साफ करायची, नवी केबल घालायची, एवढंच काम होतं. मला ते तेव्हाही कळत होतं.

भाच्याने मोबाइलवर जाहिरात पाहून एकाला बोलावलं. पोरगा तरतरीत, बोलायला गोड. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, "काका, तुम्ही प्रेसवाले, तुम्हाला मी काय सांगणार." बस, तिथेच मी गार. केबल जुन्या जमान्याची झाली, हायड्रॉलिक बसवा, चाक दोन बोटांनी फिरेल, असं तो सांगत गेला आणि मी मान डोलावत गेलो. त्याचं सांगणं खोटंही नव्हतं. चाकामागे पंप, तिथून ऑइलच्या दोन नळ्या, मोटरवर तिला वळवणारा सिलिंडर. पंपातले व्हॉल्व्ह ऑइल अडवून धरतात, त्यामुळे मोटरचा ओढा हातावर येत नाही. मोठ्या मोटरला ते हवंच. आमच्या ४० एचपीला काय गरज होती, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पण मी त्याला उलट प्रेसच्या गोष्टी ऐकवत बसलो.

किटचा फोटो आला. नवा खोका, एक कोपरा जरा फाटलेला. बसवण्यासकट ६२ हजार ठरले. ४५ आधी यूपीआयने, बाकीचे काम झाल्यावर रोख. बसवायला आला तो सकाळी ११ला. "काका, ऊन फार आहे, तुम्ही जेवून या." मी गेलो. तासाभराने परत आलो तर सिलिंडर बसलेला, ऑइल भरलेलं, हवाही काढून झालेली. हवा काढायला एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने सिलिंडरवरचं हवा सोडायचं निपल उघडायचं, अशी दोन माणसं लागतात; ऑइलही लिटरभर तरी जातं. हा एकटा होता. रिकामा डबा विचारला तर म्हणाला, फेकला. खोक्याचंही तेच.

आता लाज वाटते ती गोष्ट सांगतो. सिलिंडरचं अंग काळं चकचकीत होतं, पण तोच काळा रंग तोंडाच्या रबरी सीलवरही उडालेला होता. नवा सिलिंडर कंपनीतून असा येत नाही. भंगारातल्या सिलिंडरवर कोणीतरी स्प्रे मारला होता. रॉडवर बारीक खड्डेही होते, बोट फिरवलं तर लागायचे. पाहिलं मी. माल पडून राहिला असेल, अशी स्वतःचीच समजूत घातली आणि १७ हजार मोजून दिले.

तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथीला दुपारचा वारा होता, भाचा चाकावर. मध्येच म्हणाला, "मामा, चाक फिरतंय, पण बोट वळत नाही." मी हात लावला तर चाक नुसतं मऊ, गोल गोल फिरत राहिलं. मोटर आपोआप एका बाजूला कलली आणि बोट स्वतःभोवती घिरट्या घ्यायला लागली. समोर जाळ्यांचे बोये. इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने काठ गाठला. लाइफ जॅकेट दोघांच्या अंगात होतं, तेवढीच अक्कल.

काठावर पाहिलं तर सिलिंडरखाली जिथे थेंब पडत होते, तिथे मोटरचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले. हायड्रॉलिक ऑइलने रंग असा निघत नाही. बहिणीच्या घरी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि सिलिंडरखालून गोळा केलेलं चमचाभर त्यात ओतलं. पाण्यात पार विरून गेलं. मग माझ्याकडच्या हायड्रॉलिक ऑइलचा थेंब टाकला, तो वर गोल तरंगत राहिला. म्हणजे आत गाड्यांचं ब्रेक ऑइल होतं; तेच पाण्यात विरतं आणि रंग काढतं. ते या सिलिंडरचे सील फुगवून खाऊन टाकतं. बहीण म्हणाली, "दादा, तो ग्लास आता घरात नको," आणि तिने तो फेकून दिला.

फोन दोनदा लागला, "उद्या येतो काका." मग बंदच. बिल नीट पाहिलं ते तेव्हा. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. याचा सुरू २७नेच होत होता, पण अक्षरं १४. यूपीआयवरचं नावही बिलावरच्या नावाशी जुळेना. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयची पावती, बिल, सिलिंडरचे फोटो आणि त्या द्रवाची बंद बाटली सांभाळून ठेवली आहे. १७ हजार रोख दिल्याचा पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

हे काम कोणी करून घेणार असेल तर समोर बसून घ्या. ऑइलचा सीलबंद डबा आपल्यासमोर फुटला पाहिजे. काम झाल्यावर चाक शेवटपर्यंत नेऊन आणखी जोर लावा, ते ठणठणीत अडलं पाहिजे. मोटर हाताने ढकला, हलता कामा नये. मी यातलं एकही केलं नाही.

शेवटी केबलच घातली. मी आणि भाच्याने मिळून, साडेचार हजारांत, एका सकाळी. परवा भाच्याने तीच जाहिरात पुन्हा दाखवली. नाव वेगळं, नंबर वेगळा. खोका मात्र तोच, कोपरा तसाच फाटलेला.